डावे हॉलमध्ये, उजवे अध्यक्षांच्या खोलीत

महासंघाचा हुकूम आला, की प्रत्येक क्रीडा मंडळात 'सामाजिक जबाबदारी आणि शाश्वत विकास समिती' असलीच पाहिजे आणि तिच्या प्रमुखपदी बाईच पाहिजे. अध्यक्षांनी हुकूम वाचून दाखवला, चष्मा काढला, आणि टेबलाभोवतीच्या सगळ्या माना एकदम एकाच दिशेला वळल्या.

त्या दिशेला शिट्टीबाई बसल्या होत्या. कार्यकारिणीतल्या एकुलत्या एक बाई. त्या चहात बिस्कीट बुडवत होत्या, आणि सगळे आपल्याकडे का बघताहेत हे कळेपर्यंत अर्धं बिस्कीट कपात गडप झालं होतं.

"अभिनंदन, बाई!" अध्यक्ष म्हणाले.

"कशाबद्दल?"

"समितीच्या प्रमुख झालात."

"मतं कधी घेतली?"

"आत्ताच की. एकमतानं."

"त्यात माझं मत धरलंत का?"

"तुमच्या तोंडात बिस्कीट होतं," खजिनदार म्हणाले, "म्हणून म्हटलं, त्रास कशाला द्या."

शिट्टीबाई मूळच्या फुटबॉल खेळणाऱ्या. गुडघा गेला, तशा त्या पंच झाल्या, आणि गेली वीसेक वर्षं जिल्हाभर सामने खेळवत हिंडत होत्या. त्यांची शिट्टी एवढी जबरदस्त होती, की या मैदानावर वाजली तर रस्त्यापलीकडच्या मैदानावरचे खेळाडूही जागच्या जागी थांबायचे. त्यामुळे त्यांचं खरं नाव हळूहळू सगळे विसरले. घरच्यांनाही ते आठवायला जरा वेळ लागायचा.

"काम काय करायचं असतं या समितीनं?" त्यांनी विचारलं.

"फार काही नाही हो. एखादं झाड लावायचं, त्याच्या शेजारी उभं राहून फोटो काढायचा. फोटोत मी असेनच," अध्यक्ष म्हणाले.

एरवी शिट्टीबाईंनी तिथल्या तिथं पिवळं कार्ड दाखवलं असतं. पण आज त्या नुसत्या हसल्या. कारण त्यांना आठवलं मागचं फाटक.

मंडळाच्या मैदानाला मागच्या बाजूनं एक लोखंडी फाटक होतं आणि त्याला कायमचं कुलूप होतं. भिंतीपलीकडे वस्ती होती. तिथल्या पोरी रोज संध्याकाळी भिंतीच्या कडेकडेनं रस्त्यावरच धावायच्या. कुणी सपाता घालून, कुणी अनवाणी, गाड्यांना चुकवत, भोंगे खात. त्यातली एक तर अशी सुसाट पळायची, की तिला सगळे भिंगरीच म्हणायचे. त्यांना आत घ्या, असं शिट्टीबाई दर बैठकीत म्हणत आल्या होत्या. दर बैठकीत उत्तर मिळायचं, "हा विषय आपल्या अखत्यारीत येत नाही, बाई."

आता अखत्यारच त्यांच्या हातात आला होता. लांबलचक नावाचा का होईना.

"झाड लावू," त्या म्हणाल्या. "पण आधी बघते तरी, जबाबदारी कुठं कुठं पडलीय ती."

ती फार लांब नव्हती. जिन्याखालच्या कचऱ्याच्या पिंपातच पडली होती. मोसम नुकताच संपला होता, आणि खेळाडूंनी आपापले जुने जोडे टाकून नवे घेतले होते. शिट्टीबाईंनी पिंपात हात घातला आणि एक जोड बाहेर काढला. नाकाला जरासं खरचटलं होतं, बाकी ठणठणीत. दुसरा काढला. त्याला तर काहीच झालं नव्हतं, फक्त रंग जुना झाला होता. तिसरा काढायला त्या कमरेपर्यंत पिंपात वाकल्या तेव्हा दोन टेनिसपटू तिथून गेले आणि अदबीनं दुसरीकडे बघू लागले.

घरी येऊन त्यांनी ते जोडे धाकट्या जाऊसमोर मांडले. धाकट्या जाऊचं पार्लर घराच्या पुढच्या खोलीतच होतं. ती एका बाईंच्या चेहऱ्याला लेप लावत होती.

"ताई, हे काय गं? आता जोड्यांचंही फेशियल करू?"

"करशील तेवढं चांगलं. अगं, असे चांगले चांगले जोडे लोक टाकून देतात, आणि तिकडं पोरी अनवाणी धावताहेत. मंडळातल्यांकडून दहा-बारा जोड गोळा करू म्हणते."

"दहा-बाराच? तुझा पल्ला अगदी शेजारच्या दुकानापुरता! मी बघते."

"तू काही बघू नकोस. तू बघायला लागलीस की माझ्या पोटात गोळा येतो."

पण तोवर उशीर झाला होता. लेप लावलेल्या बाईंना बोलता येत नव्हतं, पण बोटं मोकळी होती. त्या एका मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिका निघाल्या. त्यांनी तिथूनच फोनवर निरोप धाडला. पलीकडच्या खुर्चीत केसांना रंग लावून बसलेली मुलगी व्यायामशाळेत काम करायची, तिनंही धाडला. तिसरीची बहीण सायकलपटू होती. लेप वाळून पोपडे पडायच्या आत 'मुलींना धावायचंय, जुने खेळाचे जोडे मंडळात आणून द्या' ही बातमी शहरभर झाली होती.

आणि लोकांनी आणून दिले. पहिल्या दिवशी पिशव्या आल्या. दुसऱ्या दिवशी पोती आली. तिसऱ्या दिवशी एका शाळेची अख्खी बस आली, आणि तिच्या खिडक्यांतून मुलं कमी आणि जोडेच जास्त डोकावत होते. शिट्टीबाईंना त्याच दिवशी बाहेरगावी सामने खेळवायला जायचं होतं. जाताना त्यांनी पहारेकरी मामांना बोलावलं. मामा भला माणूस. सांगितलेलं काम करणारच, आणि जरा जास्तच करणार.

"मामा, जोडे नीट आत ठेवा. आणि एक बघा, चोरीला जाता कामा नयेत."

"बाई, चोराच्या बापाला जमणार नाही," मामा म्हणाले.

शनिवारी सकाळी शिट्टीबाई परतल्या त्या थेट मंडळात आल्या. सोबत धाकटी जाऊ होतीच. मामांनी मोठ्या अभिमानानं बॅडमिंटन हॉलचं दार उघडलं. आत जोडेच जोडे. जाळीच्या या बाजूला जोडे, त्या बाजूला जोडे, कोपऱ्यात तर छातीएवढा ढीग. शिट्टीबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी एक निळा जोडा प्रेमानं उचलला. दुसरा उचलला. तिसरा उचलला. मग त्यांचा चेहरा बदलला.

"मामा, हे सगळे डाव्याच पायाचे कसे?"

"हॉलमध्ये डावेच आहेत. उजवे वर, साहेबांच्या खोलीत. किल्ली माझ्या कमरेला."

"पण का?"

"तुम्हीच म्हणालात ना, चोरीला जाता कामा नयेत? आता येऊ दे चोर. नेऊन नेऊन नेईल काय? नुसते डावे!"

शिट्टीबाईंनी मोठा श्वास घेतला. "मामा, लोकांनी ते नाड्यांनी एकमेकांना बांधून दिले होते."

"हो ना! त्यातच सगळा वेळ गेला. गाठी काय घट्ट मारतात हो लोक! मी आणि माझी बायको, दोघं बसून सोडवत होतो. नखं गेली."

धाकट्या जाऊच्या तोंडून एक बारीक आवाज आला, गळक्या नळासारखा. शिट्टीबाईंनी तिच्याकडे बघितलं. तेच चुकलं. तिनं ओढणी तोंडात कोंबली होती आणि तिचे खांदे गदागदा हलत होते. मग शिट्टीबाईंचाही बांध फुटला. दोघी एकमेकींना धरून हसायला लागल्या, हसता हसता खाली बसल्या, आणि ढिगाला टेकल्या तसा ढीग घसरला आणि दोघी कमरेपर्यंत डाव्या जोड्यांत गाडल्या गेल्या. मामा गोंधळून म्हणाले, "काही चुकलं का?" त्यावर धाकट्या जाऊची अशी मुरकुंडी वळली, की तिला बाहेर ओढून काढायला मामांच्या बायकोला हाक मारावी लागली.

डोळे पुसून झाल्यावर शिट्टीबाईंना आठवलं.

"अगं, उद्या इथं पुरुष दुहेरीचा अंतिम सामना आहे."

"किती वाजता?"

"दुपारी. आणि अध्यक्ष सकाळीच येणार. त्यांच्या खोलीत पाहुण्यांना चहा आहे."

मामांचा चेहरा पडला. "साहेबांच्या खोलीत चहा नाही जमणार बाई. खुर्चीवर पण जोडेच आहेत. खुर्ची रिकामी दिसली म्हणून..."

दोघीजणी पुन्हा हसायला लागणार होत्या, पण शिट्टीबाईंनी स्वतःला आवरलं. दोघींनी मिळून जुळवायला बसलं तर पुढच्या मोसमापर्यंत बसावं लागेल, हे उघड होतं. त्या मैदानाकडे बघत राहिल्या. मैदानाच्या एका टोकाला हॉल. दुसऱ्या टोकाला कचेरी, तिच्या पहिल्या मजल्यावर अध्यक्षांची खोली. मध्ये हिरवं, मोकळं, सरळ मैदान. पंचाच्या डोळ्याला ते दुसरं काही दिसेना. ती शर्यतच होती.

"एक डावा घ्यायचा," त्या हळूच म्हणाल्या, "पळत सुटायचं, वर जाऊन त्याचा उजवा हुडकायचा, आणि पळत परत यायचं."

"ताई!" धाकटी जाऊ उठून उभीच राहिली. "बोलवू का लोकांना?"

"बोलव," शिट्टीबाई म्हणाल्या. "आज तुला मोकळं रान."

रविवारी सकाळी एवढी गर्दी झाली, की पुढच्या दारातून आत यायला जागा उरली नाही. शाळेच्या मुली आल्या, त्यांच्या आया आल्या, व्यायामशाळेतल्या दंडवाल्या बाया आल्या, सायकली आल्या. धाकट्या जाऊनं घाईघाईत निरोप धाडला होता, 'मंडळात जोडे जुळवण्याचा कार्यक्रम. अवश्य या.' त्यामुळे एक काकू आपल्या मुलाला इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून घेऊन आल्या होत्या आणि "स्थळं कुठं बसलीत?" म्हणून विचारत होत्या. मुलाचे कान लाल झाले होते. शिट्टीबाईंनी त्याच्या हातात एक पिवळा डावा जोडा दिला आणि म्हणाल्या, "पळ."

भिंतीपलीकडच्या पोरींना निरोप मिळाला होता, पण त्यांना भिंतीला पूर्ण वळसा घालून पुढून यायचं होतं आणि पुढे तर मुंगी शिरायला वाट नव्हती. फाटकाच्या गजांतून त्यांची तोंडं दिसत होती.

"मामा, मागचं फाटक उघडा."

"साहेबांना विचारायला हवं बाई."

"गर्दीत कुणी चेंगरलं तर ती जबाबदारी कुणाची? सामाजिक जबाबदारी समितीची. समितीची प्रमुख कोण?"

मामांनी कुलपाला तेल घातलं, किल्ली फिरवली, मग दगडानं दोन ठोके दिले. फाटक किरकिरत उघडलं आणि पोरी आत घुसल्या त्या थांबल्याच नाहीत. मैदान ओलांडून पार दुसऱ्या टोकाला गेल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की आपल्यामागे कुणी भोंगा वाजवत नाहीये. तशा त्या उलट वळल्या आणि पुन्हा एकदा पळाल्या, उगीचच.

शिट्टीबाईंनी शिट्टी फुंकली आणि सकाळ उधळली. हॉलमधून बायका डावे जोडे घेऊन सुटत होत्या, मैदान कापत होत्या, जिना चढत होत्या. जिन्यावर चढणाऱ्या आणि उतरणाऱ्या एकमेकींना धडकत होत्या, "अगं बाई!" "सॉरी हं!" "हा तुझा का गं?" असा नुसता कल्लोळ. धाकटी जाऊ अध्यक्षांच्या खिडकीत कर्णा घेऊन बसली होती आणि पुकारा करत होती, "निळा, पांढरा पट्टा, गुलाबी नाडी! नाकाला भोक! कुणाकडे आहे याचा जोडीदार? बिचारा कालपासून एकटा आहे!" कुठून तरी आरोळी यायची, "माझ्याकडे!" आणि दोन अनोळखी बायका मैदानाच्या मधोमध एकमेकींना मिठी मारायच्या, जशा काही बालपणी ताटातूट झालेल्या बहिणी. मुख्याध्यापिका एका मोठ्या ताडपत्रीवर जुळलेले जोड मापानं मांडत होत्या आणि घामानं चिंब झाल्या होत्या. इस्त्रीच्या शर्टवाला मुलगा तिसऱ्या खेपेला एका बॅडमिंटनवाल्या मुलीबरोबर परतला. दोघांच्या हातात एकच जोड होता आणि दोघं भांडत होते, की कुणी आधी पाहिला. काकूंनी सावलीतली खुर्ची पकडली आणि समाधानानं पंखा हलवायला लागल्या.

या धुमाळीत अध्यक्ष आले. फर्निचरचा मोठा धंदा असलेला माणूस, चालण्यात वजन. आज पायात नवे कोरे तपकिरी चामड्याचे जोडे, खास मापानं शिवून घेतलेले. ते तडक हॉलपाशी गेले. हॉलच्या दारावर त्यांनी स्वतःच पाटी लावलेली होती, 'बाहेरचे जोडे आत आणू नयेत.' संतापाच्या भरातही त्यांनी पाटीचा मान राखला. जोडे दाराशी काढले आणि मोज्यांनिशी आत शिरले.

"बाई! हे काय चाललंय?"

"शाश्वत विकास," शिट्टीबाई म्हणाल्या. "जरा बाजूला व्हा, तुम्ही सात नंबरच्या डाव्यावर उभे आहात."

"माझ्या खोलीत जोडे आहेत म्हणे!"

"उजवेच फक्त."

"पाहुणे येतील! सामना आहे! मी महासंघाला काय सांगू?" असं बरंच बोलून अध्यक्ष तणतणत बाहेर आले आणि दाराशी पाय पुढे केला, तर फरशी रिकामी. जोडे गायब.

मामा शेजारीच उभे होते, नम्रपणे.

"मामा, माझे जोडे?"

"लावून टाकले साहेब. डावा आत, उजवा वर."

अध्यक्षांनी पुढे केलेला पाय मागे घेतला. ते हॉलकडे बघत राहिले, मग कचेरीकडे, मग पायांतल्या मोज्यांकडे. डाव्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. घरच्यांनी सकाळीच टोकलं होतं, पण जोड्यात कुणाला दिसतंय म्हणून त्यांनी लक्ष दिलं नव्हतं.

भिंगरी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "काका, तुमचा हरवला? कसा होता?"

"तपकिरी. चामड्याचा. चकचकीत."

"चला, मी शोधते. पण नुसतं उभं राहून नाही चालणार हं. रिकाम्या हातानं जायचं नाही, असा नियम आहे. हा घ्या." तिनं त्यांच्या हातात एक हिरवा डावा दिला.

अध्यक्ष मोज्यांवर मैदानात उतरले. पहिली काही पावलं त्यांनी अध्यक्षाला शोभेल अशी टाकली. मग गवत पायाला गार लागलं. मागून एक जाडजूड आई "बाजूला, बाजूला!" करत दौडत आली, आणि तिच्यापुढे राहावं म्हणून त्यांनी जरा वेग वाढवला. जिन्यापर्यंत पोचले तेव्हा ते चक्क पळत होते. वर आपल्या खोलीत, आपल्याच टेबलाखाली, गुडघ्यांवर बसून त्यांनी ढीग उपसला. तपकिरी सापडला नाही, पण हिरवा सापडला.

"मिळाला!" अध्यक्ष ओरडले, आणि स्वतःच दचकले. एवढ्या मोठ्यानं ते गेल्या कित्येक वर्षांत ओरडले नव्हते. धाकट्या जाऊनं कर्ण्यातून पुकारलं, "अध्यक्षसाहेबांचा जोडा जुळला हो!" आणि मैदानावर एवढ्या टाळ्या पडल्या, की त्यांना राहवेना. ते हिरवा जोड घेऊन धावत खाली गेले, आणि दुसरा डावा मागू लागले.

त्यानंतर त्यांना कुणी थांबवू शकलं नाही. खजिनदार पाहुण्यांना घेऊन आले, तर अध्यक्ष त्यांच्या अंगावरून "नऊ नंबर, काळा, टाच झिजलेली!" असं ओरडत निघून गेले. पाहुणे खजिनदारांकडे बघायला लागले. खजिनदारांनी त्यांना चहाऐवजी एकेक डावा जोडा दिला. काय करतील बिचारे.

शेवटी अध्यक्षांचे तपकिरी जोडे भिंगरीनंच जुळवले. त्यांनी ताडपत्रीच्या कडेला बसून ते पायात चढवले. दम लागला होता, शर्ट बाहेर आला होता, चेहरा लालबुंद आणि आनंदानं नुसता फुललेला. भिंगरीच्या पायातही आता जोड होता, केशरी रंगाचा. ती जागच्या जागी उड्या मारत होती.

"काका, उद्या पण यायचं?"

"या की!" अध्यक्ष म्हणाले. "रोज या! आणि लांबून वळसा कशाला घालता, त्या फाटकातूनच या!"

शिट्टी वाजली.

ती अशी वाजली, की जिन्यावरच्या बायका जिन्यावर थांबल्या, सायकली थांबल्या, धाकट्या जाऊचा कर्णा तोंडापाशी राहिला. रस्त्यापलीकडच्या मैदानावरही कुणीतरी चेंडू हातात धरून उभं राहिलं असणार. शिट्टीबाईंनी हात वर केला होता.

"निर्णय झाला," त्या म्हणाल्या. "रोज संध्याकाळी, मागच्या फाटकातून."

"अहो बाई, मी आपलं सहज—"

"अध्यक्षसाहेब, एकदा शिट्टी वाजली की वाजली. पंचाशी वाद घातला तर काय होतं, माहीत आहे ना?"

अध्यक्षांनी आजूबाजूला पाहिलं. सगळं मैदान त्यांच्याकडे बघत होतं. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि मग त्यांनाच हसू फुटलं. "बाई," ते म्हणाले, "तुमच्या तोंडात सतत बिस्कीट ठेवायला हवं होतं."

जो काही आरडाओरडा झाला तो विचारू नका.

दुपारी हॉल मोकळा झाला, अंतिम सामना झाला, कुणीतरी जिंकलं. बाहेर ताडपत्रीवर जुळलेले जोड ओळीनं मांडले होते, आणि पोरी आपापलं माप घेऊन, चालून बघून, उड्या मारून, न्यायाधीशाच्या गंभीरपणानं निवड करत होत्या. शिट्टीबाई मात्र बाजूला एकट्याच बसल्या होत्या. त्यांच्यासमोर एक ढीग उरला होता. ज्यांना जोडीदारच मिळाला नाही असे एकेकटे जोडे. कुणाचा उजवा बसमध्ये राहिला असेल, कुणाचा पोत्यातून गळला असेल. चांगले होते, पण एकेकटे. शिट्टीबाईंना दिवसभरात पहिल्यांदाच उदास वाटलं. शेवटी हे पिंपातच जाणार, जिथून आले तिथंच.

"ताई, सगळं काही जुळत नसतं गं," धाकटी जाऊ त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली.

तेवढ्यात मागच्या फाटकातून एक बाई आत आली. कुबड्यांवर, पण अशी झपझप, की तिच्याबरोबर चालणाऱ्या मामांची धांदल उडत होती. उजवा पाय मांडीपासून नव्हता. डावा होता, आणि त्यात अगदी झिजलेला जोडा होता. ढिगाशी येऊन ती थांबली.

"सहा नंबरचा डावा आहे का?"

"आहे," मामा म्हणाले, "पण त्याचा उजवा नाही मिळणार हं ताई, आधीच सांगतो."

"उजवा घेऊन काय करू? डोक्यावर ठेवू?"

मामांनी जीभ चावली. ती मात्र मनापासून हसली, आणि ढिगाशेजारी बसकण मारून स्वतःच उपसायला लागली. ती भालाफेक करायची, जमिनीत रोवलेल्या उंच खुर्चीत बसून. पायाचं काम काय, तर खुर्चीला घट्ट रेटा द्यायचा. त्यात जोडा झिजून चाळण व्हायचा.

"आयुष्यभर दोन विकत घेते आणि एक घालते," ती सांगत होती. "घरी कपाटात सगळे उजवे पडलेत, कोरे करकरीत. घरचे म्हणतात, टाकून दे. मी म्हणते, का? त्यांनी माझं काय घोडं मारलंय?"

"मग ते उजवे कुणाला तरी..." शिट्टीबाई सरसावून बसल्या.

"अहो, द्यायचेच आहेत! आमच्यात एक थाळीफेकवाली आहे, तिला उजवाच पाय. म्हटलं, झालं काम! पण तिचा नंबर आठ. मी सहा. इतकी वर्षं दोघी एकमेकींच्या पायांकडे बघून उसासे टाकतोय."

धाकट्या जाऊनं ढिगात दोन्ही हात घातले. "आठचा उजवा? हा बघा! अजून एक! ताई, हा तिसरा!"

"तिच्यासाठी ठेवा," भालाफेकवाली म्हणाली. "आणि तो दहाचा पण ठेवा, आमच्या तिरंदाजाला होईल. तो लाल कुठला? डावा? तो माझा. लाल मी कधी घेतलाच नव्हता. दोन लाल घ्यायचे आणि एक टाकायचा, जिवावर यायचं." तिनं जुना जोडा काढला, लाल घातला, आणि पाय लांब करून तिरका धरून बघितला, आरशात बघावं तसा. "कसा दिसतो?"

"दृष्ट लागेल," शिट्टीबाई म्हणाल्या, आणि सहाचा पुढचा डावा उपसायला लागल्या.

त्या ढिगाला मग नाव पडलं, 'एकट्यांचा कोपरा'. अध्यक्षांनी आपल्या दुकानातून त्यासाठी एक मोठं कपाट पाठवलं, कप्प्याकप्प्यांचं, डावीकडे डावे आणि उजवीकडे उजवे. मामांनी ते लावून दिलं आणि मी तर पहिल्यापासून हेच म्हणत होतो, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला लागले. भालाफेकवालीनं आपले सगळे कोरे उजवे आणून दिले, आणि शहरातल्या कुणाकुणाला, जिन्यावरून पडून एकच पाय सुजलेल्या एका आजोबांनासुद्धा, त्यांचा उपयोग झाला. जे अगदीच फाटके होते त्यांचे रबरी तळ कापून मागच्या फाटकापाशी चिखलात अंथरले. समितीत आता भालाफेकवाली आली, मुख्याध्यापिका आल्या, धाकटी जाऊ तर न बोलावताच आली. बैठका पार्लरमध्ये व्हायला लागल्या, कारण तिथल्या खुर्च्या गोल फिरतात.

पण ते सगळं पुढचं. सोमवारी संध्याकाळी काय झालं ते सांगायलाच हवं. फाटक उघडलं आणि जेवढ्या पोरी रविवारी आल्या होत्या त्याहून जास्त आल्या, लहान बहिणींना काखोटीला मारून. फुटबॉलवाले आधीच मैदानावर होते. पहिला अर्धा तास कोण कुठं धावतंय याचा पत्ता नव्हता. एक चेंडू गोलात जायच्या ऐवजी भिंगरीच्या पुढे गडगडत निघाला आणि तिनं तो पार दुसऱ्या टोकापर्यंत नेला, मागे अख्खा पुरुषांचा संघ. शिट्टीबाई शिट्टी फुंकून फुंकून दमल्या आणि मग फुंकायचंच विसरून बघत राहिल्या.

"बाई, इकडं या," भालाफेकवालीनं हाक मारली. तिची उंच खुर्ची मैदानाच्या कडेला रोवली होती आणि ती लाल जोडा टेकून बसली होती. तिनं भाला उचलला, कमरेतून वळली, आणि तो सोडला. तो एवढा लांब, एवढा सरळ आणि एवढ्या शांतपणे गेला, की धावणाऱ्या पोरीसुद्धा पाय रोवून बघत राहिल्या.

"आता तुम्ही."

"मी? माझा गुडघा—"

"गुडघा कुठं लागतो? बसायचंच तर आहे."

शिट्टीबाई खुर्चीवर चढल्या. पट्टा बांधून घेतला. धाकटी जाऊ लगबगीनं झाडामागे गेली. शिट्टीबाईंनी भाला धरला, डोळे बारीक केले, कमरेतून जीव खाऊन वळल्या आणि सोडला. भाला सरळ आकाशाकडे निघाला, वर जाऊन जरा विचारात पडला, आणि खुर्चीच्या अगदी शेजारी, हातभर अंतरावर, जमिनीत खचकन रुतला.

रुतलेल्या भाल्याचं शेपूट थरथरत राहिलं.

"उंची छान आहे," भालाफेकवाली म्हणाली.

पहिली हसली ती झाडामागची. मग सगळं मैदान हसायला लागलं, पोरी, फुटबॉलवाले, मामा, कचेरीच्या खिडकीतून वाकून बघणारे अध्यक्ष, आणि पट्ट्यानं बांधलेल्या, उतरताही न येणाऱ्या शिट्टीबाई तर इतक्या हसल्या, की खुर्ची हलायला लागली.

"तो भाला द्या गं कुणीतरी," हसता हसताच त्या म्हणाल्या. "परत टाकणार आहे मी. सगळ्यांनी मागे व्हा. नाही, पुढे व्हा. छे, कुठं व्हायचं ते तुम्हीच बघा!"